शिखरापूर्वीच्या वाटा

१. प्रस्तावना



२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले, हे तुम्ही वाचले किंवा ऐकले असेल. त्या एका दिवसामागे किती वर्षांची वाटचाल होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तेनसिंग एव्हरेस्टच्या मोहिमेवर प्रथम गेले ते १९३५ साली, आणि तेही ओझी वाहण्याच्या कामासाठी. १९५२ साली स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्यासह ते सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत पोचले होते, पण तेथून त्यांना माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी मिळालेल्या यशात या सर्व चढण्या-उतरण्याचे संचित होते.

आज हिमालयातील अनेक शिखरांच्या वाटा सामान्य माणसासाठी खुल्या झाल्या आहेत. नोकरी करणारे, दुकान चालवणारे, घरसंसार सांभाळणारे स्त्री-पुरुषही तेथे जाण्याचे स्वप्न पाहतात. स्वप्न पाहण्यात गैर काहीच नाही. परंतु पुरेशा तयारीविना निघालेला माणूस स्वतःबरोबर आपल्या सोबत्यांचाही जीव धोक्यात घालतो. ही तयारी कोणत्या डोंगरांवर करावी, त्या डोंगरांची निवड कशी करावी आणि कोणत्या क्रमाने करावी, याची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :

• डोंगराची उंची आणि प्रत्यक्ष चढ यांतील फरक सांगू शकाल;
• सरावासाठी योग्य वाट निवडण्याचे निकष स्पष्ट करू शकाल;
• विरळ हवेचा शरीरावर होणारा परिणाम व त्याबाबतची सावधगिरी सांगू शकाल;
• आपल्या परिसराला साजेसा सरावाचा क्रम आखू शकाल;
• क्रियापदाचे अर्थ ओळखून त्यांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

३. मूळपाठ

३.१ आधी शिखर ओळखा

उंच शिखरावर जायचे ठरले की अनेक जण उत्साहाने कंबर कसतात. कोणी रोज सकाळी धावू लागतो, कोणी व्यायामशाळेत नाव नोंदवतो, कोणी दर रविवारी एक किल्ला पाहू लागतो. वर्षाअखेरीस ‘पंचवीस किल्ले झाले’ असे तो समाधानाने सांगतो. पण हे पंचवीसही किल्ले दोन तासांत चढून होणारे असतील, तर शरीराने एकाच प्रश्नाचे उत्तर पंचवीस वेळा दिले, इतकाच त्याचा अर्थ होतो. नवा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही.

म्हणून तयारीचा आरंभ शिखरापासून करावा. ते शिखर आपल्याकडून काय मागणार आहे, हे प्रथम लिहून काढावे. उदाहरणादाखल हिमाचल प्रदेशात मनालीजवळ असलेले ‘फ्रेंडशिप’ हे शिखर घेऊ. त्याची उंची ५,२८९ मीटर आहे. हिमशिखराचा पहिला अनुभव घेण्यासाठी अनेक नवखे गिर्यारोहक त्याची निवड करतात. तेथे लागोपाठ काही दिवस चालावे लागते, तंबूत राहावे लागते, पाठीवर सामान वाहावे लागते आणि विरळ हवेत झोपावे लागते. बर्फाच्या तीव्र उतारावर बुटांना लोखंडी दात्यांचे क्रॅम्पॉन बांधून, हातात हिमकुऱ्हाड घेऊन चढावे लागते. माथ्याचा दिवस मध्यरात्रीनंतर विजेरीच्या उजेडात सुरू होतो आणि पुष्कळदा दहा-बारा तास चालण्यात जातात.

या मागण्या वेगळ्या करून पाहिल्या, तर त्या सहा भरतात : चढ, ओझे, लागोपाठचे दिवस, अवघड वाट, विरळ हवा आणि बर्फ. सरावासाठी निवडलेल्या प्रत्येक वाटेने यांपैकी निदान एका गोष्टीत आपला कस लागला पाहिजे. निवडीचे हेच मूळ सूत्र होय.

३.२ उंची वेगळी, चढ वेगळा

नवख्या माणसाची पहिली गफलत येथेच होते. तो डोंगराची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहतो. वास्तविक पाहता पाय थकतात ते पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या चढामुळे. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंच आहे, परंतु तेथे मोटारीतून जाता येते. तेथे गेलेल्या प्रवाशाच्या पायांना काहीच श्रम पडत नाहीत. याउलट महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर उंच आहे; पण बारी गावातून निघालेल्या माणसाला सुमारे आठशे ते नऊशे मीटरचा खडा चढ स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. पायांच्या तयारीसाठी कळसूबाईच अधिक उपयोगी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

पुण्याजवळचा सिंहगड आतकरवाडीच्या बाजूने चढल्यास सुमारे सहाशे मीटरचा चढ होतो. वाट मळलेली, माणसांची वर्दळ असलेली आणि शहराला जवळची असल्यामुळे पुण्यातील गिर्यारोहक मोठ्या मोहिमांच्या आधी पाठीवर वजन घेऊन हाच गड पुनःपुन्हा चढतात. सरावाची वाट नेहमी नवी, निसर्गरम्य किंवा नावाजलेलीच असावी असे नाही. एकच वाट वारंवार चढली, की आपली प्रगती घड्याळावर स्पष्ट दिसते.

वाटेला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला होता. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास धरावा, असा तो नियम आहे. पाच किलोमीटरची वाट व नऊशे मीटरचा चढ असेल, तर एक तास अधिक दीड तास, म्हणजे अडीच तास होतात. विश्रांतीचा वेळ यात धरलेला नाही. पाठीवर ओझे असेल, वाट निसरडी असेल किंवा ऊन प्रखर असेल, तर हा वेळ वाढतो. आपल्याला लागलेला वेळ आणि या नियमाने काढलेला वेळ यांची तुलना करण्याची सवय लावून घ्यावी.

३.३ गडाचे नाव पाहू नका, वाट पाहा

‘हरिश्चंद्रगड अवघड आहे का?’ असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. या प्रश्नाला एक उत्तर नाही. पाचनई गावातून वर जाणारी वाट तुलनेने छोटी आणि सोपी आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांब पल्ल्याची असून ती दमछाक करते. कोकणातल्या बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने चढणाऱ्याला मोठमोठ्या दगडधोंड्यांतून आणि कातळटप्प्यांवरून जावे लागते. तेथे अनुभवी सोबती असल्याशिवाय नवख्याने पाऊलही टाकू नये. गड एकच, पण त्याच्या तीन वाटा म्हणजे तीन वेगवेगळ्या इयत्ता आहेत.

यासाठी वाट निवडताना पुढील चार गोष्टींची विचारणा करावी : चढ किती आहे? अंतर किती आहे? वाटेवर घसारा, कातळ किंवा दृष्टिभय असलेली जागा आहे का? आणि काही बिनसले तर खाली उतरण्याची दुसरी सोपी वाट आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर ती वाट आरंभीच्या महिन्यांसाठी नाही, असे समजावे. पायथ्याच्या गावातील वाटाड्याकडे चौकशी केल्याखेरीज अनोळखी वाटेला लागू नये. पावसाळ्यात तर सोपी वाटही शेवाळ, धुके आणि वाढलेले ओढे यांमुळे अवघड होऊन बसते.

पाठगत प्रश्न – १

(अ) कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. सरावाच्या वाटेचा पहिला निकष म्हणजे पायथ्यापासूनचा ________. (चढ / रस्ता / निसर्ग)
२. हरिश्चंद्रगडाची तुलनेने सोपी वाट ________ गावातून जाते. (बेलपाडा / पाचनई / बारी)

(आ) नेस्मिथच्या नियमानुसार दहा किलोमीटर अंतर व सहाशे मीटर चढ असलेल्या वाटेला किती वेळ लागेल?

३.४ ओझे, लागोपाठचे दिवस आणि उतार

रिकाम्या हाताने चढणे वेगळे आणि पाठीवर सॅक घेऊन चढणे वेगळे. सुरुवातीला चार-पाच किलो वजन पुरेसे आहे. शरीर सरावले की एक-दोन किलोंनी ते वाढवत दहा-बारा किलोंपर्यंत न्यावे. ओझे एकदम वाढवू नये. तसेच ज्या आठवड्यात ओझे वाढवले, त्याच आठवड्यात चढही वाढवू नये. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. म्हणजे गुडघा किंवा पाठ दुखू लागल्यास त्याचे कारण लगेच सापडते. ओझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या घेणे सोयीचे असते. माथ्यावर गरजेपुरते पाणी ठेवून बाकीचे ओतून दिले, की उतरताना गुडघ्यांवरचा भार हलका होतो.

उताराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चढताना धाप लागते, म्हणून चढ कठीण वाटतो; पण मांड्यांच्या स्नायूंना आणि गुडघ्यांना खरा हिसका बसतो तो उतरताना. थकलेल्या पायांनी आणि सैल झालेल्या मनाने उतरत असताना अपघात घडतात. म्हणून ज्या वाटेने चढलो, त्याच वाटेने लहान पावले टाकत, न धावता उतरणे हाही सरावाचाच भाग मानावा. माथ्यावर पोचल्यावर वाहनाने खाली येणाऱ्याचा सराव अर्धाच झालेला असतो.

तिसरी गोष्ट लागोपाठच्या दिवसांची. एक दिवस भरपूर चालून दुसऱ्या दिवशी विश्रांती घेणे कोणालाही जमते. हिमालयात मात्र दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सॅक उचलावी लागते. राजगडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी डोंगरधारेने तोरण्याला जाणे, हा दोन दिवसांचा मार्ग यासाठी फार उपयोगी आहे. वाटेत पाणी, जेवण, झोप आणि सामानाची बांधाबांध या सगळ्यांची परीक्षा होते. नव्या बुटांनी पायाला फोड येतात, हेसुद्धा अशाच वेळी कळते. आणि ते हिमालयात कळण्यापेक्षा येथेच कळलेले बरे. रात्रीच्या चालीची सवय व्हावी म्हणून कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांच्या रांगेवरून जाणारी वाट पुष्कळ जण रात्री चालतात. अशा वाटेवर एकट्याने जाऊ नये. वाट माहीत असलेले सोबती बरोबर असावेत.

३.५ सह्याद्री जे शिकवू शकत नाही

येथवरच्या सरावाने पाय बळकट होतात, दम वाढतो आणि ओझे अंगवळणी पडते. एवढ्याने माणूस हुरळून जाण्याचा संभव असतो. परंतु सह्याद्रीत एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे विरळ हवा.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही तेवढेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी होतो. साधारणपणे २,५०० मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा, चक्कर अशी लक्षणे दिसू शकतात. याला उंचीचा आजार म्हणतात. तो बळकट माणसालाही होतो. दररोज दहा किलोमीटर धावणारा तरुण आजारी पडावा आणि त्याच्याबरोबर सावकाश चालणाऱ्या प्रौढ माणसाला काहीही होऊ नये, असे सहज घडू शकते. पायांतील ताकद या आजारापासून संरक्षण देत नाही. उलट ताकदीच्या भरात वेगाने वर जाणारा लवकर अडचणीत येतो.

यावर उपाय एकच : सावकाश वर जाणे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. लक्षणे दिसू लागल्यास आणखी वर जाऊ नये. ती वाढत असल्यास खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही गंभीर धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट पाहण्यातही जीव जाऊ शकतो. रुग्णाला एकट्याला न सोडता ताबडतोब खाली आणावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

म्हणून मुख्य शिखराच्या आधी एखादा मध्यम उंचीचा हिमालयीन मार्ग अवश्य करावा. उत्तराखंडातील केदारकंठ सुमारे ३,८०० मीटर उंच आहे. पश्चिम बंगालमधील संदकफू ३,६३६ मीटर उंच आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. उंचीवर शरीराने केलेला हा सराव खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. तो साठवून ठेवता येत नाही. सहा महिन्यांपूर्वी केदारकंठ चढलेल्या माणसालाही नव्या मोहिमेत पुन्हा पहिल्यापासून सावकाशच वर जावे लागते. मग या मार्गाचा उपयोग काय? आपले शरीर विरळ हवेत कसे वागते, भूक केव्हा मरते, झोप कशी लागते, डोके दुखू लागले म्हणजे आपण ते सांगतो की लपवतो, हे त्यातून कळते. हे आत्मज्ञान मात्र ओसरत नाही.

३.६ बर्फाची शाळा

बर्फावर चालणे पुस्तक वाचून येत नाही. घसरल्यावर हिमकुऱ्हाडीने स्वतःला कसे अडवावे, दोराला बांधून कसे चालावे, क्रॅम्पॉनची पावले कशी टाकावीत, हे प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकले पाहिजे. १९५४ साली दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. तेनसिंग नोर्गे तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. १९६५ साली उत्तरकाशी येथे नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. मनाली येथेही अशी संस्था आहे. या संस्थांतून सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवला जातो.

क्रमाने केलेल्या तयारीचे एक बोलके उदाहरण आपल्यासमोर आहे. आजच्या तेलंगणातील मालावत पूर्णा ही सरकारी निवासी शाळेत शिकणारी मुलगी. २५ मे २०१४ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने एव्हरेस्ट सर केले. तिची सुरुवात भोंगीर येथील प्रचंड खडकावर झाली. त्यानंतर दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे शिक्षण, मग लडाखच्या थंडीतील सराव आणि त्यानंतर एव्हरेस्ट, असा तो क्रम होता. खडकाने हातापायांना, दार्जिलिंगने तंत्राला आणि लडाखने थंडीला व विरळ हवेला सामोरे जाण्यास शिकवले. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांतील पाच विद्यार्थीही अशाच टप्प्याटप्प्याच्या प्रशिक्षणानंतर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. घरची परिस्थिती किंवा महागडी साधने यांपेक्षा तयारीचा क्रम महत्त्वाचा ठरतो, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

३.७ जेथे डोंगर नाहीत तेथे

तुमच्यापैकी अनेक जण दिल्ली, इंदूर, नागपूर किंवा बडोदा अशा ठिकाणी राहत असतील. जवळ मोठा डोंगर नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. उंच इमारतीचा जिना सगळीकडे आहे. एका मजल्याचा चढ साधारण तीन मीटर धरला, तर दहा मजली जिना वीस वेळा चढल्यावर सहाशे मीटर होतात, म्हणजे आतकरवाडीकडून सिंहगड चढल्यासारखेच झाले. आठवड्यातून दोन-तीनदा जिना, एकदा लांब पल्ल्याची चाल आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष डोंगर, असा मेळ घालता येतो. गुजरातमधील मराठी विद्यार्थ्यांना गिरनार जवळ आहे. तेथील सुमारे दहा हजार पायऱ्या चढून उतरणे हा पायांसाठी उत्तम सराव आहे. मात्र जिन्याने आणि पायऱ्यांनी घसाऱ्याची, ओबडधोबड वाटेची सवय होत नाही. म्हणून प्रत्यक्ष डोंगराची जोड असलीच पाहिजे.

पाच-सहा महिन्यांचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असावा :

• पहिला महिना : ओझ्याविना, ३०० ते ५०० मीटर चढाच्या मळलेल्या वाटा.
• दुसरा महिना : चढ ६०० ते ९०० मीटर, पाठीवर चार-पाच किलो.
• तिसरा महिना : चढ तेवढाच, ओझे क्रमाने दहा-बारा किलोंपर्यंत.
• चौथा महिना : मुक्कामासह लागोपाठ दोन दिवस, एखादी रात्रीची चाल.
• पाचवा महिना : ३,५०० ते ४,००० मीटर उंचीचा हिमालयीन मार्ग, शक्य असल्यास याऐवजी गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम.
• अखेरचे दोन आठवडे : हलका व्यायाम, पुरेशी झोप आणि विश्रांती.

आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय पुढे जाऊच नये. प्रत्येक चालीनंतर एका वहीत तारीख, चढ, ओझे, लागलेला वेळ आणि दुसऱ्या दिवशीची शरीराची अवस्था यांची नोंद करावी. दुसऱ्या दिवशी नेहमीचे काम सहज करता आले, तर पुढची पायरी गाठावी. जिना उतरतानाही पाय लटपटत असतील, तर तीच पायरी पुन्हा करावी. त्यात कमीपणा नाही.

३.८ परत फिरण्याचा सराव

या सर्व तयारीत एक गोष्ट अशी आहे, जी कोणत्याही तक्त्यात मावत नाही. ती म्हणजे परत फिरण्याचा निर्णय. शिखर समोर दिसू लागले की मनाचा तोल सुटतो. खर्च झालेले पैसे, घेतलेली रजा, गावात झालेला गवगवा, हे सारे माणसाला पुढे ढकलत असते. तो उसने अवसान आणून चालत राहतो आणि उतरण्यासाठी लागणारी शक्ती चढण्यातच संपवून बसतो. ‘वेळेवर परत फिरलो असतो, तर हे संकट ओढवले नसते,’ अशी हळहळ नंतर व्यर्थ असते. शिवाय गिर्यारोहणात माणसे एकाच दोराला बांधलेली असतात. एकाचा हट्ट सर्वांना भोवतो.

म्हणून लहान डोंगरावरही निघण्यापूर्वी वेळ ठरवावी. ‘बारा वाजेपर्यंत जेथे पोचू, तेथून परतू,’ असे सोबत्यांना स्पष्ट सांगावे आणि माथा वीस मिनिटांवर असला तरी तो शब्द पाळावा. ज्याने हजार मीटरच्या डोंगरावर स्वतःचा शब्द पाळला नाही, तो पाच हजार मीटरवर, थकलेल्या मेंदूने आणि गोठलेल्या बोटांनी तो पाळील, अशी आशा कशी करावी? डोंगर उद्याही तेथेच असतो. त्याच्याकडे पुन्हा जाण्यासाठी आपण मात्र सुखरूप घरी परतलेले असले पाहिजे. सरावाच्या साऱ्या वाटा अखेर एवढेच शिकवतात.

पाठगत प्रश्न – २

पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
१. शरीर बळकट असलेल्या माणसाला उंचीचा आजार होत नाही.
२. उंचीवर केलेला शरीराचा सराव काही आठवड्यांत ओसरतो.
३. ओझे आणि चढ एकाच आठवड्यात वाढवावेत.

४. शब्दार्थ

घसारा – सुट्या माती-दगडांची घसरडी जागा
दृष्टिभय – खोल दरी पाहून वाटणारी भीती
कातळ – अखंड कठीण खडक
डोंगरधार – डोंगराचा अरुंद, लांब माथा
विरळ – दाट नसलेली
वाटाड्या – वाट दाखवणारा
संचित – साठलेला ठेवा

५. भाषा अभ्यास

(अ) क्रियापदाचे अर्थ

क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा हेतू कळतो. पाठातील पुढील वाक्ये पाहा.

१. हा सराव खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. – येथे क्रियेचा केवळ बोध होतो. हा स्वार्थ.
२. गडाचे नाव पाहू नका, वाट पाहा. – येथे आज्ञा किंवा उपदेश आहे. हा आज्ञार्थ.
३. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. – येथे कर्तव्य सांगितले आहे. हा विध्यर्थ.
४. वेळेवर परत फिरलो असतो, तर हे संकट ओढवले नसते. – येथे एक गोष्ट घडली असती तर दुसरीचे काय झाले असते, असा संकेत आहे. हा संकेतार्थ.

सूचना देणाऱ्या लेखनात विध्यर्थाचा उपयोग विशेष होतो, कारण त्यात आज्ञेचा कठोरपणा नसून सल्ल्याचा सौम्यपणा असतो.

(आ) वाक्प्रचार व त्यांचे अर्थ

कंबर कसणे – निश्चयाने तयार होणे
कस लागणे – खरी परीक्षा होणे
अंगवळणी पडणे – सवय होणे
हुरळून जाणे – आनंदाने भान विसरणे
उसने अवसान आणणे – नसलेले धैर्य किंवा बळ दाखवणे

६. तुम्ही काय शिकलात?

• तयारीचा आरंभ शिखराच्या मागण्या ओळखण्यापासून होतो.
• डोंगराच्या उंचीपेक्षा पायथ्यापासूनचा चढ आणि गडाच्या नावापेक्षा वाटेचे स्वरूप महत्त्वाचे असते.
• चढ, ओझे आणि दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी.
• शारीरिक बळ उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. सावकाश चढणे आणि वेळेवर उतरणे हाच उपाय आहे.
• परत फिरण्याचा निर्णय घेण्याचा सराव लहान डोंगरावरच करावा लागतो.

७. स्वाध्याय

१. ‘पंचवीस किल्ले झाले’ या समाधानातील उणीव लेखकाने कशी दाखवली आहे?
२. हरिश्चंद्रगडाच्या तीन वाटांच्या आधारे वाट निवडण्याचे निकष स्पष्ट करा.
३. केदारकंठसारख्या मार्गाचा उपयोग कोणता आणि त्याची मर्यादा कोणती, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘परत फिरणे म्हणजे पराभव नव्हे’ या विषयावर दहा-बारा ओळी लिहा. डोंगराखेरीज जीवनातील एखादे उदाहरण द्या.
५. पुढील वाक्ये विध्यर्थी करा : (क) तू वहीत नोंद कर. (ख) आम्ही सावकाश चढतो.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादी टेकडी, जिना किंवा डोंगर निवडा. त्याचा चढ काढून पहिल्या महिन्याच्या सरावाचे वेळापत्रक तयार करा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. चढ २. पाचनई (आ) तीन तास
प्रश्न २ : १. चूक २. बरोबर ३. चूक